डंडीचा मॅकगोनागल, टे नदीचा पूल आणि आमच्या रत्नागिरीचा थिबा राजा

सागरवेळा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलेच.

मी मूळची रत्नागिरीची, चार वर्षं झाली स्कॉटलंडमध्ये डंडीला राहते. घरापासून दहा मिनिटांवर मॅग्डालेन ग्रीन नावाचं मोठं मैदान आहे आणि त्याच्या पुढ्यात टे नदी. नदी कसली, खाडीच. तिच्यावरून तीन किलोमीटरहून लांब रेल्वेपूल गेला आहे. पुलाला लागून पाण्यातून बुटके बुंधे वर आलेले दिसतात, एका रांगेत, पार पलीकडपर्यंत. पहिल्या वर्षी मला ते जुन्या धक्क्याचे अवशेष वाटले होते. नंतर कळलं की ते पहिल्या पुलाच्या खांबांचे पाय. तो पूल २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात कोसळला आणि वरून जाणारी गाडी माणसांसकट नदीत गेली. एकही वाचला नाही.

त्या अपघातावर एक कविता आहे. इंग्रजीतली सर्वांत वाईट कविता म्हणून ती जगभर ओळखली जाते. लिहिणारा विल्यम मॅकगोनागल ह्याच मैदानाजवळच्या पेटन्स लेनमध्ये राहायचा. इथल्या लोकांना त्याच्या ओळी पाठ आहेत. म्हणतात आणि हसतात. मीही हसले होते. मग त्याचं आयुष्य वाचत गेले आणि हसू मावळलं.

जन्म बहुधा १८२५ चा. तो स्वतः जन्मगाव एडिनबरो सांगायचा, पण १८४१ च्या खानेसुमारीत आयर्लंड लिहिलं आहे. आईवडील आयरिश, बाप हातमागावरचा विणकर, हाही विणकर. शाळा जेमतेम. १८४६ मध्ये जीन किंग नावाच्या गिरणीतल्या मुलीशी लग्न केलं, पाच मुलगे आणि दोन मुली झाल्या. वाचायची ओढ दांडगी. शेक्सपिअर स्वतःच वाचून पाठ केला आणि कामाच्या जागी सोबत्यांना म्हणून दाखवायचा. एकदा डंडीच्या एका छोट्या नाटकगृहात त्याला मॅकबेथ करायला मिळाला, पण मालकानं त्यासाठी उलट त्याच्याकडूनच पैसे घेतले. थिएटर सोबतच्या कामगारांनी भरलं. शेवटच्या लढाईत मॅकबेथनं मॅकडफच्या तलवारीनं मरायचं असतं. हा मरेचना. समोरचा नट आपल्यावर जळतो आणि आपला प्रवेश लवकर उरकायला बघतो, अशी त्याची खात्री झाली होती.

१८७७ च्या जून महिन्यात, वयाच्या पन्नाशीत, खोलीत एकटा बसलेला असताना त्याला आवाज ऐकू आला: लिही, लिही. आपण कवी आहोत हा शोध लागणं ही आयुष्यातली सर्वांत थरारक घटना, असं त्यानं पुढे लिहून ठेवलं आहे. पहिली कविता गावातल्या जॉर्ज गिलफिलन ह्या पाद्र्यावर केली. तो स्वतः साहित्याचा जाणकार. त्याचा अभिप्राय असा सांगतात की शेक्सपिअरनंसुद्धा असं काही कधी लिहिलं नाही. मॅकगोनागलनं ती शाबासकी म्हणून घेतली.

मग त्यानं राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहून आश्रय मागितला. दरबारी अधिकाऱ्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, आभार मानणारं आणि नकार देणारं. त्यातले आभार तेवढे त्यानं वाचले. १८७८ च्या जुलैमध्ये तो डंडीहून बालमोरलला चालत निघाला. जवळजवळ शंभर किलोमीटर, तेही डोंगरातून. वाटेत विजांच्या पावसात चिंब भिजला. राजवाड्याच्या फाटकाशी पोचून म्हणाला, मी राणीचा कवी. पहारेकऱ्यानं सांगितलं, राणीचा कवी टेनिसन. पुन्हा इथे दिसलास तर अटक होईल, असा दमही भरला. तसाच चालत परत आला.

लोकांना करमणूक सापडली होती. खोटी आमंत्रणं, खोटी पत्रं, खोट्या मेजवान्या सुरू झाल्या. असल्याच एका पत्रापायी तो १८८० मध्ये लंडनला गेला आणि हात हलवत परतला. १८८७ मध्ये न्यूयॉर्क गाठलं, तिथेही कुणी दारात उभं केलं नाही, परतीचं भाडं ओळखीच्यानं भरलं.

आता धागा काढायचं खरं कारण. १८९४ मध्ये त्याला आणखी एक पत्र आलं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजानं तुमच्या काव्यावर प्रसन्न होऊन तुम्हाला पांढऱ्या हत्तीच्या संप्रदायाचा सरदार केलं आहे, असा मजकूर आणि सोबत छोटा हत्तीचा बिल्ला. नावाला 'टोपाझ' त्या पत्रानं जोडलं. तेव्हापासून मरेपर्यंत तो आपली सही 'सर विल्यम टोपाझ मॅकगोनागल, पांढऱ्या हत्तीचा सरदार, ब्रह्मदेश' अशी करत राहिला.

मी हे वाचलं तेव्हा आधी 'थिबा' एवढाच शब्द दिसला. मंडळी, आमची शाळेची सहल दर वर्षी थिबा पॅलेसला जायची! तो राजा तर आमच्या गावात नजरकैदेत होता. डंडीतले थट्टेखोर त्याच्या नावानं पदव्या वाटत होते, तेव्हा तो थिबा पॅलेसच्या खिडकीतून भाट्याची खाडी बघत बसला असेल. ह्या दोन माणसांची अशी गाठ पडलेली वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. तुमच्यापैकी कुणाला ह्याबद्दल काही माहीत असेल तर जरूर लिहा.

शब्दवेडी

किती छान लिहिलंयस! हॅरी पॉटरमधल्या प्रोफेसर मॅकगोनागल ह्यांचं नाव ह्याच्यावरूनच का गं? कवितेचे थोडे तरी शब्द दे ना इथे.

सागरवेळा

हो, ह्याच्यावरूनच. लेखिकेनंच तसं सांगितलं आहे.

कवितेची सुरुवात साधारण अशी: 'चांदीसारख्या टे नदीवरच्या सुंदर रेल्वेपुला, सांगायला फार वाईट वाटतं मला, की नव्वद जीव गेले वाहून, १८७९ सालच्या शेवटच्या रविवारी, जे लोकांच्या लक्षात राहील पुष्कळ काळ.' मराठीत आणताना मी थोडं यमक जुळवलं आहे, मूळ ह्याहून ओबडधोबड आहे.

मात्रावृत्त

धागा मनापासून आवडला. मी आयुष्यभर वृत्तं शिकवली, म्हणून ही कविता वाईट आहे म्हणजे नेमकं काय होतं ते बघावंसं वाटलं. मूळ इंग्रजी कविता काढून पहिल्या पाच ओळींची अक्षरं बोटांवर मोजली: ११, १०, १०, १३, १२.

पहिल्या तीन ओळींत बिचाऱ्यानं काहीही चुकवलेलं नाही. 'टे', 'से', 'अवे' अशी तीन सरळ यमकं आहेत, चाल लागलेली आहे, मोठ्यानं म्हटलं तर पाय ठेका धरतो. चौथ्या ओळीत साल आलं आणि चालता बैल दगडाला अडावा तशी कविता अडखळली. 'एटीन सेव्हन्टी नाइन' ही सहा अक्षरं त्याला ओळीत बसवायचीच आहेत. दुसरा कुणी असता तर साल गाळून 'त्या काळरात्री' म्हणून मोकळा झाला असता. हा गाळत नाही. 'नाइन'ला 'टाइम' जोडतो, जे यमक कानाला पुरतं लागत नाही, आणि पुढे जातो.

त्याच्या इतर कविता वाचल्या तेव्हाही हेच दिसलं. टे नदीत आलेल्या देवमाशावर त्याची कविता आहे. तिच्यात १८८३ चा डिसेंबर महिना आहे, माशाची लांबी आहे, जॉन वुड ह्यांनी तो २२६ पौंडांना विकत घेतला हेही आहे. मूळ तपशील एक सोडायचा नाही. बातमी आणि कविता ह्यांत त्याला फरक दिसत नव्हता. आपल्याकडे शाहीर पोवाड्यात तिथी, वार, गावं, माणसांची नावं सगळं घालतो, पण तिथे डफ असतो, गद्य बोलून घ्यायला जागा असते, ओळ लांबली तर गळा ती ओढून नेतो. मॅकगोनागलच्या कविता छापील कागदावर सुट्या विकल्या जायच्या. म्हणून दाखवताना तो हातवारे करून, तलवार उपसून म्हणायचा असं वर्णन आहे. कागदावर आपण वाचतो तेव्हा तो आवाज निघून गेलेला असतो आणि मोडकी ओळ तेवढी उरते.

ही सबब नाही. कविता वाईट आहे. शब्द निवडायचा असतो हेच त्याला कधी उमगलं नाही. पण ती खोटी नाही. एकही ओळ त्यानं सजावटीसाठी लिहिलेली नाही.

गर्डर

सागरवेळा, मी रेल्वेच्या पूल विभागातून निवृत्त झालो. आमच्या शिक्षणात टे पूल हा धडाच होता, म्हणून लिहितो.

पूल १८७८ मध्ये सुरू झाला. रचनाकार थॉमस बाउच. त्या काळात जगातला सर्वांत लांब पूल. मधल्या तेरा गाळ्यांत खालून जहाजं जावीत म्हणून गर्डर उंचावर बसवले होते, त्यांना 'उंच गर्डर' असंच म्हणत. ते बिडाच्या नळीसारख्या खांबांवर उभे होते आणि खांबांना आपसात बांधायला लोखंडी पट्ट्यांचे तिरपे आडताण. पट्ट्या ज्या कानांना जोडल्या होत्या, ते कान खांबाबरोबरच बिडात ओतलेले. बीड दाबाला चांगलं, ताणाला ठिसूळ. वाऱ्यानं बाजूनं रेटा दिला की सगळा ताण त्या कानांवर. चौकशीत बाउचनं कबूल केलं की वाऱ्याच्या दाबाचा वेगळा हिशेब धरलाच नव्हता. ओतकामात राहिलेली छिद्रं मेण, राळ, काजळी आणि लोखंडाचा कीस कालवून बुजवली जात होती, हेही उघड झालं. ते मिश्रण घासून रंग दिला की आतलं पोकळ बाहेरून ओळखू येत नाही. मी नोकरीत असताना एका ओतकामाच्या तपासणीत हातोडीचा आवाज बद्द आला आणि असंच बुजवलेलं भोक सापडलं होतं. त्या रात्री घरी जेवण गेलं नाही.

त्या संध्याकाळी गाडी सात वाजून तेरा मिनिटांनी दक्षिणेकडून पुलावर चढली. उंच गर्डर गाडीसकट खाली गेले, तेराच्या तेरा. मेलेल्यांचा आकडा आधीच्या स्टेशनावर गोळा केलेल्या तिकिटांवरून काढला, तो ७५ धरला गेला. खात्रीनं नावं लागली ती ५९. मॅकगोनागलचे नव्वद हे पहिल्या दिवसांतल्या गोंधळातले. इंजिन मात्र नदीतून काढून दुरुस्त केलं आणि ते पुढे कित्येक वर्षं धावलं. लोक त्याला 'पाणबुड्या' म्हणायचे.

आता कवितेचा शेवट बघा. त्यात तो म्हणतो, पुलाला दोन्ही बाजूंनी टेकू दिले असते तर तो पडला नसता, निदान बरीच शहाणी माणसं असं कबूल करतात. आपण घरं जितकी मजबूत बांधू तितका आपला मरायचा संभव कमी. ह्यावर दीडशे वर्षं लोक हसतात. पण चौकशीचा निष्कर्ष हाच होता! पुलाची रचना वाईट, बांधणी वाईट, देखभाल वाईट, आणि आडताण वादळाला पुरे पडणारे नव्हते. एका विणकरानं गल्लीतल्या माणसांकडून ऐकून कच्च्या यमकात जे मांडलं, तेच चौकशीच्या अहवालानं भारी इंग्रजीत मांडलं.

आणखी एक. १८७९ च्या जूनमध्ये राणी त्या पुलावरून गेली आणि बाउचला 'सर' केलं. तो किताब खरा होता. दीड वर्षाच्या आत पूलही गेला आणि बाउचही खचून वारला.

शब्दवेडी

गर्डर काका, अंगावर काटा आला. हातोडीचा आवाज बद्द म्हणजे कसा हो?

गर्डर

चांगल्या बिडावर हातोडी मारली की घंटेसारखा टण्ण आवाज येऊन घुमतो. आत पोकळी असली तर आवाज तिथल्या तिथे मरतो, मडक्याला तडा गेल्यावर येतो तसा. कान तयार व्हायला वर्षं लागतात.

नीरक्षीर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, राग मानू नये.

ह्याच मॅकगोनागलनं लखनौ जिंकल्यावरही कविता केली आहे, १८५७ च्या उठावातल्या. बेगम कोठीपाशी लढाई सुरू झाली इथून ती सुरू होते आणि सगळा जयघोष इंग्रज फौजेचा. इजिप्त, सुदान, झुलूंचा मुलूख, जिथे जिथे साम्राज्याची तोफ गेली तिथे ह्याची कविता मागोमाग गेली. गरीब विणकराबद्दल कणव वाटते हे खरं, पण ज्या थिबा राजाला साम्राज्यानं गादीवरून ओढून आपल्या कोकणात आणून टाकलं, त्याच साम्राज्याची हा मनापासून आरती ओवाळत होता. त्याच्यावर अन्याय झाला हे सांगताना हेही सांगायला हवं.

सागरवेळा

नीरक्षीर, राग कसला? तुम्ही लिहिलं ते बरंच झालं. लखनौची कविता मी वाचली आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. तिचं समर्थन माझ्याच्यानं होणार नाही.

जे छापून येईल ते तो खरं मानायचा. राणी चांगली, सेनापती शूर, दारू वाईट. दारूबंदीचा तो कडवा प्रचारक होता आणि कविता म्हणायला जागा मिळायची ती दारूच्या गुत्त्यात. पहिल्यांदा अंगावर वाटाणे फेकणारा माणूस गुत्तेवालाच होता, असं त्यानं नमूद केलं आहे. पण ह्याच माणसानं १८८४ च्या सुमारास बायकांना मताचा हक्क मिळायला हवा म्हणूनही कविता केली, आणि ती बाजू तेव्हा बरीच वर्तमानपत्रं उचलून धरत नव्हती. तेव्हा सगळंच ऐकीव होतं असंही म्हणवत नाही.

सर्कशीबद्दल लिहायचं राहिलं होतं. पैशांची फार ओढ झाली तेव्हा त्यानं गावातल्या सर्कशीत काम धरलं. रात्री पंधरा शिलिंग. रिंगणात उभं राहून कविता म्हणायच्या, आणि तिकीट काढून आलेल्यांना त्याच्यावर अंडी, पीठ, बटाटे, मासे, शिळा पाव फेकायची मुभा. रोज तुडुंब गर्दी व्हायची. दंगा इतका वाढला की शेवटी दंडाधिकाऱ्यांनी कार्यक्रमावर बंदी घातली. ह्यानं बंदीविरुद्ध कविता लिहिली, कारण ते पंधरा शिलिंग गेले. साठी उलटलेला माणूस, घरी बायको, अंगावर अंड्याचा बलक, आणि तो शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणत राहतो. डंडीतल्या ज्या चौकाला आता त्याचं नाव दिलं आहे तिथून जाताना मला दर वेळी हे आठवतं.

भाट्ये

सागरवेळा, धागा वाचून आनंद झाला. मी रत्नागिरीतच असतो. एक दुरुस्ती सुचवतो.

१८९४ मध्ये थिबा पॅलेस उभाच नव्हता. बांधकाम १९१० च्या सुमारास पुरं झालं. थिबा गादीवर आला १८७८ मध्ये, इंग्रजांनी मंडाले घेतलं १८८५ च्या नोव्हेंबरात. राजा, राणी सुपयालत आणि मुलींना बोटीत घालून आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. इथे सुरुवातीची जवळजवळ पंचवीस वर्षं तो साहेबांच्या जुन्या बंगल्यांत राहिला. राजवाडा मिळाला तेव्हा आयुष्य संपत आलं होतं. जेमतेम पाच-सहा वर्षं राहिला असेल, १९१६ मध्ये इथेच गेला. तेव्हा तू म्हणतेस ती खिडकी १८९४ मध्ये नव्हती. खाडी होती.

थट्टा करणाऱ्यांच्या पत्राबद्दल मीही जरा शोधलं. त्या पत्रावर पत्ता आहे 'थिबा राजाचा दरबार, अंदमान बेटं'. म्हणजे लिहिणाऱ्यांना राजा कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. अंदमानात तो कधीच नव्हता. ब्रह्मदेशाचे राजे स्वतःला पांढऱ्या हत्तीचे स्वामी म्हणवत, तेवढं ऐकलेलं, बाकी सगळी कल्पना. त्या दिवसांत खरा राजा पेन्शनवर जगत होता आणि खर्च भागेना म्हणून बरोबर आणलेली माणकं एक एक करून विकत होता. गावाबाहेर जायला परवानगी नाही. दरबार कुठून असणार?

तुझ्या लहानपणी पॅलेस कसा होता ठाऊक नाही, आता त्यात संग्रहालय आहे. वरच्या मजल्याच्या खिडक्यांना अर्धवर्तुळात रंगीत काचा आहेत. दुपारी चारनंतर गेलं की फरशीवर लाल-निळे डाग पडतात आणि सरकत सरकत भिंतीवर चढतात. तिथला ब्रह्मी सागवान अजून हाताला गुळगुळीत लागतो. राजाची समाधी मात्र पॅलेसमध्ये नाही, गावात दुसरीकडे आहे. बरेच पाहुणे तिथे जातच नाहीत.

सागरवेळा

भाट्ये, खूप आभार. शाळेत आम्हाला पॅलेस दाखवायचे, समाधी कधीच नाही. मूळ लेखातली खिडकी तशीच ठेवते, खाली तुमचा प्रतिसाद वाचला जाईलच.

साळीगल्ली

मी सहसा वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही.

आमच्या घरी आजोबांपर्यंत हातमाग होता. गाव इचलकरंजीकडचं. पुढे सगळीकडे पॉवरलूम आले आणि माग मोडून त्याच्या लाकडाची कपाटं झाली. डंडीचा इतिहास वाचताना आमचीच गल्ली वाचतोय असं वाटलं. डंडी म्हणजे तागाचं शहर. ताग सगळा आपल्या बंगालचा. बोटीनं तिकडे जायचा, देवमाशाच्या तेलात मऊ करून त्याचं सूत काढायचे आणि पोत्यांचं कापड विणायचे. (देवमाशावरची कविता त्या गावात का झाली, तेही ह्यावरून कळतं.) वाफेवरचे माग आले तसे हातमागवाले उपाशी पडत गेले. पुढे हुगळीच्या काठी गिरण्या उभ्या राहिल्या, डंडीचेच मुकादम तिकडे नोकरीला गेले, आणि शेवटी कलकत्त्यानं डंडीला मागे टाकलं. मॅकगोनागलला कवितेचा आवाज ऐकू आला १८७७ मध्ये. तोवर हातमागाच्या धंद्यात काय उरलं होतं? मला तरी त्या आवाजात भूकही ऐकू येते.

मात्रावृत्त सरांना एक सांगायचं आहे. माग चालताना पावडी दाबली की ताण्याचे धागे उघडतात, धोटा ह्या हातातून त्या हातात जातो, मग फणीचा ठोका. पावडी, धोटा, ठोका. आजोबा त्या ठेक्यावर अभंग म्हणायचे आणि तो बरोबर बसायचा. पण मधेच बाण्याचा धागा तुटला की हात थांबायचे. गाठ मारेपर्यंत अभंगाची ओळ ते नुसती ओढत राहायचे, शब्द लांबवत, मनचे दोन घालत, आणि माग पुन्हा सुरू झाला की ठेक्यावर यायचे. तुम्ही म्हणालात तीन ओळी नीट आणि चौथी लांबलेली, तेव्हा मला आजोबांची ती लांबवलेली ओळच ऐकू आली. कारण हेच असेल असं म्हणत नाही. मला ऐकू आली एवढंच.

मात्रावृत्त

साळीगल्ली, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा घरातल्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. कृपा करून लिहीत राहा.

काठावरचा

एक प्रश्न सगळ्यांना. लोक आपल्याला हसतात हे त्याला कळत नसेल? पंचवीस वर्षं? मला वाटतं कळत होतं आणि तो ते वेड पांघरून पोट भरत होता. सर्कशीचे पैसे सागरवेळांनीच लिहिले आहेत. १८९३ मध्ये गाव सोडून जाईन अशी धमकी त्यानं कवितेतून दिली, तेव्हा एका वर्तमानपत्रानं लिहिलं होतं की 'डंडी'चं यमक 'नाइन्टी थ्री'शी जुळतं हे लक्षात आल्यावर तो आणखी वर्षभर तरी राहील. असं छापून आलेलं तो वाचत नसेल?

गर्डर

वाचत असणार. पण वेड पांघरणारा माणूस पाहणारं कुणी नसतानाही डोंगरातून शंभर किलोमीटर पावसात चालतो का? बालमोरलच्या वाटेवर टाळ्या वाजवायला कोण होतं?

सागरवेळा

काठावरचा, मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे. हसतात हे त्याला कळत होतं असं मला वाटतं. वाटाणे फेकले, अंडी फेकली, हे सगळं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे, तारीखवार. पण हसणारे लोक चुकतात, हेही त्याला तितकंच नक्की ठाऊक होतं. आपण कवी आहोत ह्यावर त्यानं कधीच शंका घेतली नाही. थिबाचं पत्र त्यानं खरं मानलं की मानायचं ठरवलं, हे मला सांगता येत नाही. कुठल्या का राजाकडून होईना, एकदा तरी 'हो' आलं होतं.

नीरक्षीर

हे शेवटचं वाक्य वाचून थांबलो. लखनौबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे. पण त्या पत्रापुरतं तरी तो आणि थिबा एकाच बाजूला होते, दोघांच्याही नावाशी दुसरेच लोक खेळत होते. हे मला आधी दिसलं नव्हतं.

शब्दवेडी

सागरवेळा, त्याचा शेवट कसा झाला? आणि पुस्तक वगैरे निघालं का?

सागरवेळा

१८९० मध्ये मित्रांनी मदत म्हणून 'पोएटिक जेम्स' नावाचा संग्रह काढून दिला, तो अजून छापला जातो. एकूण दोनशेच्या आसपास कविता आहेत. १८९४ मध्ये डंडी सोडून तो पर्थला गेला, हत्तीचं पत्र तिथेच आलं, मग एडिनबरो. २९ सप्टेंबर १९०२ ला मेंदूत रक्तस्राव होऊन तिथे वारला. हातात काही नव्हतं. ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत गरिबांच्या जागेत पुरलं, वर दगडसुद्धा नाही. नावाची पाटी लागली ती १९९९ मध्ये. गंमत बघा, २००८ मध्ये त्याच्या सुट्या छापील ३५ कवितांचा लिलाव एडिनबरोत झाला तेव्हा ६,६०० पौंड आले. ह्याच कागदांची एकेक प्रत तो दारोदार पेनीच्या भावात विकायचा.

गेल्या रविवारी एडिनबरोला जाऊन आले. पाटीवर त्याच्याच राणीला उद्देशून लिहिलेल्या ओळी आहेत, 'डंडीत राहणारा गरीब कवी' म्हणून सही केलेल्या.

मात्रावृत्त सरांसाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. टे पुलावर त्याच्या तीन कविता आहेत. पडलेल्या पुलावरची जगाला ठाऊक आहे आणि नव्या पुलावरची १८८७ ची. पण सर्वांत पहिली पूल नवा कोरा उभा होता तेव्हाची. तिच्यात तो प्रार्थना करतो: देव रात्रंदिवस सगळ्या प्रवाशांना सांभाळो, पूल ओलांडताना कुणाला अपघात न होवो, कारण ते बघणं फार भयंकर होईल, इथे डंडीजवळ, मॅग्डालेन ग्रीनपाशी. हे पूल पडायच्या आधी लिहिलं आहे. राणीला, इंजिनिअरला भीती वाटल्याचं कुठे दिसत नाही. ह्याला मैदानाकडे बघून वाटली.

मात्रावृत्त

ही कविता मला माहीत नव्हती. त्या ओळी मोजणार नाही.

भाट्ये

सागरवेळा, डिसेंबरात गावी येणार आहेस ना? कळव. समाधीवर घेऊन जातो. सकाळी लवकर निघू, नंतर ऊन फार चढतं. येताना तिकडच्या त्या बुंध्यांचा एखादा फोटो कागदावर छापून आण, मोबाईलवरचा नको. पॅलेसमधल्या लोकांनाही ही गोष्ट सांगू, त्यांना पत्राची माहिती असेल असं वाटत नाही.

सागरवेळा

नक्की आणते, भाट्ये. आज संध्याकाळी ओहोटी होती, मैदानावरून जाऊन फोटो काढून आले. पलीकडून सव्वासातच्या सुमारास गाडी आली, डब्यांतले दिवे लागलेले होते, आणि बुंध्यांच्या बाजूनं ती पूर्ण इकडे येईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.